गार्ड दारात मावेना : ‘मूळ अंकां’च्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

माझे आजोळ बार्शीचे असल्यामुळे घरात मॉडेल रेल्वे करायची ठरली, तेव्हा ती बार्शी लाइट रेल्वेचीच करायची हे वेगळे ठरवावे लागले नाही. अडीच फुटी गेजच्या, म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेल्या, या रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे अभियंता. त्यांनीच पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच गेजची रेल्वे उभी केली आणि ती १९०४ मध्ये चालू झाली. बार्शीच्या वाघिणींचे मोजमापासहित आराखडे सहज मिळत नाहीत, परंतु तिच्या या धाकट्या बहिणीबद्दल ब्रिटिश नियतकालिकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामुळे कोणते नियतकालिक घ्यावे, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता. अमेरिकेतील ‘नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट’ १९७५ पासून निघते. लाकूडकाम आणि हाताने डबे घडवणे यांबाबत ते शिकण्यासारखे असले, तरी त्याचा जीव कोलोरॅडोच्या तीन फुटी रेल्वेत अडकलेला आहे. म्हणून मी एका ब्रिटिश त्रैमासिकाचे जुने अंक शोधू लागलो.

दहा वर्षांचे ४० अंक, ‘सर्व मूळ छापील’, किंमत १८,००० रुपये, अशी जाहिरात जुन्या पुस्तकांची विक्री करणाऱ्या एका गृहस्थांनी दिली होती. छायाचित्रांपैकी काही लाकडी टेबलावर, तर काही हिरव्या कापडावर घेतलेली होती. संच एकाच घरातला असेल तर पार्श्वभूमी दोन का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. अमुक अंकाच्या मधल्या पानांचे छायाचित्र पाठवा, असे मी सांगितले, तेव्हा ‘अंक बांधून ठेवले आहेत, दुसरे गिऱ्हाईकही विचारते आहे’ असे उत्तर आले. आणि एरवी भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या मी त्याच संध्याकाळी पूर्ण रक्कम त्यांच्या खासगी यूपीआय खात्यावर पाठवली.

खोक्यातून निघाल्या त्या स्पायरल बाइंडिंग केलेल्या अकरा वह्या. मुखपृष्ठे रंगीत आणि आतील पाने काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची होती. दोन पानांवर पसरलेल्या आराखड्यांचा घडीजवळचा भाग गायब होता. जाहिरातींची पाने तर काढूनच टाकली होती. कोणत्या लहान कारखान्यात कोणते सुटे भाग मिळतात, हे नवशिक्याला त्याच पानांतून कळते, त्यामुळे हे नुकसान किरकोळ नव्हते. मी फोन केल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मूळ अंक जीर्ण झाले आहेत साहेब, मजकूर तोच आहे ना? सहा हजार परत करतो.” मजकूर तोच आहे, अशी मीही स्वतःची समजूत घातली आणि परताव्याची वाट पाहत कामाला लागलो.

खरा घात इथे झाला. मी खऱ्या रेल्वेच्या एका फुटास मॉडेलमध्ये ७ मिलिमीटर हे प्रमाण निवडले होते. या प्रमाणात अडीच फूट म्हणजे १७.५ मिलिमीटर होतात, पण तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात आणि तेवढी तडजोड बहुतेक हौशी मंडळी करतात. गार्डच्या डब्याच्या आराखड्यावर मी चाके ठेवली, तर ती रेघांवर तंतोतंत बसली. आराखडा १६.५ च्या रुळांसाठीच काढला असावा, असे मी धरून चाललो. दोन महिने खपून डबा पूर्ण झाला आणि त्याच प्रमाणातील, ४० मिलिमीटर उंचीचा गार्डचा पुतळा दारात उभा केला, तर त्याचे डोके चौकटीला अडले. मोजपट्टी लावून पाहिले. चित्रावर लांबी २५ फूट लिहिलेली होती. म्हणजे ती १७५ मिलिमीटर भरायला हवी, पण भरत होती १६४.५ च्या आसपास. बाइंडिंगसाठी कडेला जागा सुटावी म्हणून प्रत्येक पान ९४ टक्क्यांवर छापले असणार. त्यामुळे १७.५ चे गेजही आक्रसून जवळजवळ १६.५ झाले होते आणि जो मेळ पाहून मी निर्धास्त झालो होतो, तो त्या आक्रसण्यातूनच आलेला होता.

परताव्याचे सहा हजार आले नाहीत आणि माझा क्रमांकही ब्लॉक झाला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, परंतु पैसे देऊन तीन महिने होत आले होते. ही तक्रार पैसे गेल्या दिवशीच करायची असते, कारण तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. शिवाय वस्तू मिळालेली असल्यामुळे, झेरॉक्स म्हणजे मूळ अंक नव्हेत हे समजावून सांगण्यातच माझा बराच वेळ गेला. जाहिरातीतील ‘मूळ छापील’ या शब्दांचे चित्र मी जपून ठेवले होते, म्हणून निदान तक्रार नोंदवून घेतली गेली.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. किंमत आता १५,००० रुपये आहे. छायाचित्रे जुनीच आहेत : लाकडी टेबल, हिरवे कापड आणि डावीकडून तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग.