नऊ हजारांचा हिरवा दिवा: एसईओ प्लगिन वर्षभर वापरून

गेल्या मंगळवारी लालबागला कांडपाच्या रांगेत उभी होते, तेवढ्यात मेसेज आला: कार्डावरून ९,४०० रुपये गेले. एसईओ प्लगिनच्या, म्हणजे पानं गूगलच्या शोधात वर यावीत म्हणून वेबसाइटला जोडायच्या सॉफ्टवेअरच्या, पेड व्हर्जनचं आपोआप नूतनीकरण. आधी ईमेल पाठवला होता म्हणे. तो जाहिरातींच्या ढिगात पडलेला. एवढ्या पैशात माझं धणे-खोबरं-तीळ पंधरवडाभर निघतं. नाव सांगत नाही, रिफंडची मारामारी अजून चालू आहे.

साइटमॅप (गूगलसाठी पानांची यादी), रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणं) वगैरे कामं हे प्लगिन करतं. ते नीट चालतं, आणि साइटमॅप तर फुकटातल्या व्हर्जनमध्येही नीटच चालत होता. माझं भांडण त्याच्या दिव्याशी आहे: पान प्लगिनच्या नियमांत बसलं की हिरवा, नाही तर लाल.

गिरगावातून मी घरगुती मसाले विकते. फोकस कीवर्ड, म्हणजे ज्या शोधाला पान दिसावं ते शब्द, टाकला 'गोडा मसाला'. पानावर एच-टू, म्हणजे उपशीर्षक, होता, 'गोड्या मसाल्याची आमटी'. दिवा लाल. म्हणे उपशीर्षकात कीवर्ड नाही. अरे, आहे की ढळढळीत! पण 'गोडा'चं 'गोड्या' आणि 'मसाला'चं 'मसाल्याची' झालं, की याच्या लेखी तो शब्दच वेगळा. प्रत्यय लागताना सामान्यरूप होतं हे शाळेतल्या पोराला कळतं, नऊ हजारांच्या प्लगिनला नाही. सपोर्टला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: कीवर्ड जसाच्या तसा वापरा.

वापरला. 'गोडा मसाला ची आमटी'. 'गोडा मसाला चे प्रकार'. 'गोडा मसाला मुंबई मध्ये'. चार महिन्यांत एकोणीस पानं अशी नासवली आणि सगळीकडे हिरवे दिवे पेटवले. सासरे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकदा माझा मोबाइल डोळ्यांशी धरून म्हणाले, "सूनबाई, हे 'ची' असं लांब का उभं आहे? रुसलंय का?"

तरी मी दिव्याचंच ऐकत राहिले. पैसे भरले होते ना. त्याआधी एका ओळखीच्याने 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमधल्या टॅगात लिहायची शब्दांची यादी) भरून द्यायचे दोन हजार मागितले होते, तेव्हा मी ठणकावून नाही म्हटलं. क्रमवारीसाठी तो टॅग बघत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. तिथे शहाणपण दाखवलं आणि इथे माती खाल्ली.

आता लिहिता लिहिता जाणवतंय की थोडा अन्यायही होतोय. माझ्या पानांना धड एच-वन, म्हणजे मुख्य शीर्षक, नाही, हे याच प्लगिनने दाखवलं. मसाल्याचं नाव मी हौसेने सुलेखन करून चित्र म्हणून लावलं होतं. दिसायला झकास, पण मजकुरात शीर्षकच नाही. एच-वन होता तो फक्त लोगोला, म्हणजे प्रत्येक पानावर दुकानाचंच नाव. मधल्या ओळींना कुठे एच-थ्री, कुठे एच-फाइव्ह, जे आकाराला बरं दिसेल ते. हे सगळं सुधारलं आणि गूगलच्या निकालात वरच्या ओळीत मसाल्याचं नाव दिसायला लागलं. आधी तिथे नुसतं दुकान दिसायचं. ऑगस्ट २०२१ पासून ती ओळ तयार करताना गूगल पानावरचं मोठं शीर्षकही जास्त विचारात घेतं, हे मला नंतर कळलं. एवढ्यासाठी दोन तारे वाढवते. पण हे काम एका दुपारचं होतं, वर्षाच्या वर्गणीचं नव्हे.

जूनमध्ये मात्र हट्टाने आमटीचं पान परत शुद्ध मराठीत आणलं. दिवा लगेच लाल. सर्च कन्सोल, म्हणजे आपली पानं शोधात कितवी येतात ते दाखवणारं गूगलचं टूल, फुकट आहे, तिथे लक्ष ठेवलं. 'गोडा मसाला आमटी' या शोधाला सरासरी क्रमांक ३१ होता, दीड महिन्याने १४. त्याच आठवड्यात फोटोही हलके केले होते, त्यामुळे सगळं श्रेय 'मसाल्याची'ला देत नाही. पण लाल दिव्याने काही बुडालं नाही, हे नक्की. एकच शब्द शीर्षकांत कोंबणं गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरतं, ते वेगळंच. मी हिरव्या दिव्यांच्या नादात त्याच वाटेला लागले होते.

आणि सगळ्यात जास्त क्लिक कुठल्या शीर्षकाला? 'गोडा मसाला आणि काळा मसाला एकच का?' हे कुठल्या टूलने सुचवलं नाही. मुलुंडहून एका काकूंनी फोनवर विचारलं होतं, मी तसंच्या तसं एच-टूमध्ये टाकलं आणि खाली चार ओळींत उत्तर लिहिलं. दगडफूल, नागकेसर, खोबरं भाजायची पद्धत, एवढंच.

प्लगिन आता फुकटच्या व्हर्जनवर आणलंय, कार्ड काढून टाकलंय. सासरे पानांचे प्रिंट काढायला लावतात आणि लाल पेन्सिलीने खुणा करतात. अठरा पानं झाली. मेतकुटाचं राहिलंय. तिथे अजून 'मेतकूट ची कृती' आहे, आणि 'कू' दीर्घ ठेवून त्याला 'ची' नुसतं चिकटवलं तरी चालणार नाही म्हणतात. रविवारी बसणार आहोत.