ओझोन, कोळसा की मेंब्रेन? बडोद्याच्या सांडपाण्यासाठी चौथ्या टप्प्याची निवड

गुडघेदुखीसाठी चोळलेल्या डायक्लोफिनॅकच्या मलमातील साधारण 6 टक्केच औषध कातडीतून शरीरात जाते. उरलेले आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून निघून जाते. दांडिया बाजारातील जुन्या वाड्याची मोरी असो की वाघोडिया रोडवरील उंच इमारतीचे स्नानगृह, ते पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात आणि तेथून पुढे विश्वामित्रीत किंवा एखाद्या नाल्यात जाते. केंद्रातील जिवाणू बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) उत्तम कमी करतात, पण डायक्लोफिनॅक, अपस्माराचे कार्बामाझेपिन, सल्फामेथोक्साझोलसारखी प्रतिजैविके आणि गंजरोधक बेंझोट्रायझोल यांतील बराच भाग त्यांच्या हातून सुटतो. तो पकडण्यासाठी नेहमीच्या शुद्धीकरणानंतर जोडतात तो चौथा टप्पा. हे पदार्थ लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, तर गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके त्याहूनही खाली, नॅनोग्रॅममध्ये आढळतात. हे प्रमाण नगण्य म्हणता येत नाही. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात 2001 ते 2003 या काळात लिटरमागे सुमारे 5 ते 6 नॅनोग्रॅम कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळत राहिल्यावर तेथील लहान माशांची संख्या जवळपास नष्ट होण्यापर्यंत घसरली होती. पावागडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या विश्वामित्रीला उन्हाळ्यात स्वतःचे पाणी फारसे नसते, त्यामुळे सांडपाणी पातळ होईल ही आशा येथे धरता येत नाही. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात आणि त्या मासे खातात, हेही विसरून चालणार नाही.

कायद्याचा रेटा आपल्याकडे अद्याप नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2017 च्या अधिसूचनेत सामू, बीओडी, निलंबित घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू यांच्या मर्यादा आहेत, औषधांच्या नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये मात्र 1 जानेवारी 2016 पासून निवडक केंद्रांना ठरावीक 12 निदर्शक पदार्थांच्या आधारे कच्च्या सांडपाण्याच्या तुलनेत सरासरी 80 टक्के घट दाखवावी लागते, आणि युरोपीय संघाच्या 2024 च्या सुधारित निर्देशाने दीड लाख लोकसंख्या-समतुल्य (म्हणजे तितक्या माणसांइतका सांडपाण्याचा भार) व त्याहून मोठ्या केंद्रांसाठी हाच टप्पा 2045 पर्यंत बंधनकारक केला आहे. पुढील विवेचनात 80 टक्क्यांचे हेच उद्दिष्ट धरले असून हिशेबासाठी 50 एमएलडीचे, म्हणजे रोज 5 कोटी लिटरचे, एक केंद्र कल्पिले आहे. आकडे ढोबळ आहेत. टेंडर त्यांवर काढू नये, पण पर्यायांची तुलना करायला ते पुरेसे आहेत.

ओझोनची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. ऑक्सिजनमधून उच्च दाबाचा विद्युत विसर्ग करून ओझोन जागेवरच तयार करतात आणि बंद टाकीत पंधरा ते तीस मिनिटे पाण्याशी त्याचा संपर्क घडवतात. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या दर ग्रॅममागे 0.5 ते 0.7 ग्रॅम ओझोन लागतो. हा कार्बन लिटरमागे 8 मिलिग्रॅम आणि गुणोत्तर 0.6 धरले, तर मात्रा लिटरमागे 4.8 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या केंद्राला रोज 240 किलो ओझोन येते. ऑक्सिजननिर्मितीसकट किलोमागे 12 युनिट धरल्यास रोजची वीज 2,900 युनिटच्या घरात जाते, जी जैविक टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या विजेपुढे फार नाही. डायक्लोफिनॅक, कार्बामाझेपिन आणि सल्फामेथोक्साझोल ओझोनपुढे टिकत नाहीत, पाण्याचा रंग उतरतो आणि जिवाणूही बऱ्याच अंशी मरतात. एक्स-रेसाठी देतात ती आयोडीनयुक्त द्रव्ये मात्र चिवट निघतात, आणि न चिकटणाऱ्या भांड्यांच्या व जलरोधक कापडाच्या उद्योगातून येणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांना ओझोन हातही लावू शकत नाही.

ओझोनची खरी अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यात दडलेली असते, आणि या मुद्द्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. जैविक टाकीत अमोनियाचे नायट्रेटमध्ये पूर्ण रूपांतर झाले नाही, तर मधला नायट्राइट शिल्लक राहतो, आणि नायट्राइटमधील दर मिलिग्रॅम नायट्रोजन 3.43 मिलिग्रॅम ओझोन गिळतो. म्हणजे वरच्या उदाहरणात लिटरमागे अवघा एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन उरला, तरी 4.8 पैकी दोन तृतीयांशाहून अधिक ओझोन औषधांपर्यंत पोहोचण्याआधीच संपला. ज्या केंद्रात ब्लोअर वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवले जातात, तेथे ओझोन बसवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. उलट, दीर्घ गाळवयावर (गाळ टाकीत राहतो तो काळ) नीट चालणारी जैविक टाकी स्वतःच बरेच काम करते. मधुमेहींच्या मेटफॉर्मिनसारखे औषध ती मोठ्या प्रमाणात मोडते, जे ओझोन व कोळसा दोघांनाही जड जाते. त्या मोडतोडीतून निघणारे ग्वानिलयुरिया मात्र टिकाऊ असते, हेही नमूद करायला हवे.

दुसरी अडचण ब्रोमाइडची. पाण्यात ब्रोमाइड असल्यास ओझोनमुळे ब्रोमेट तयार होते, जे कर्करोगकारक असण्याची शक्यता असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. बडोद्याच्या परिसरातील रासायनिक कारखान्यांचे प्रक्रिया केलेले पाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी 50 किलोमीटरांहून लांब वेगळी वाहिनी आहे. तरीही एखाद्या लहान कारखान्याची जोडणी शहराच्या मलवाहिनीला नाहीच, असे गृहीत धरू नये. ओझोनने औषधे मोडल्यावर निघणाऱ्या तुकड्यांपैकी जे जिवाणूंना पचतात, त्यांच्यासाठी पुढे वाळूचा गाळणथर द्यावाच लागतो, आणि तो खर्च ओझोनच्याच खात्यात मांडला पाहिजे.

सक्रिय कोळसा दोन रूपांत येतो. भुकटी लिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम मिसळतात. 15 धरल्यास रोज 750 किलो लागते. युरोपात ती नीट काम करते, कारण तेथे कोळशासकट गाळ बऱ्याच ठिकाणी जाळला जातो. आपल्याकडे गाळ शेतात खत म्हणून जाण्याचा मार्ग खुला ठेवायचा असेल, तर पाण्यातून काढलेली औषधे त्याच गाळात बांधून परत शेतात पाठवण्यात अर्थ नाही, आणि केवळ यासाठी भट्टी उभारणे महागात पडेल. भुकटीचा पर्याय मी येथेच बाजूला ठेवतो.

दाणेदार कोळशाची गोष्ट वेगळी आहे. 25 मिनिटांचा संपर्ककाळ धरला, तर सुमारे 870 घनमीटर, म्हणजे ढोबळमानाने 400 टन कोळसा गाळणटाक्यांत भरावा लागतो, आणि थराच्या आकारमानाच्या 20,000 पट पाणी गेल्यावर तो बदलायचा म्हटले तर सुमारे साडेअकरा महिने चालतो. वापरलेला कोळसा 800 अंशांच्या आसपास तापवून पुन्हा सक्रिय करता येतो. प्रत्येक खेपेस सुमारे दहावा हिस्सा घटतो. बेंझोट्रायझोल कोळसा ओझोनपेक्षा चांगले पकडतो, लांब साखळीची फ्लोरिनयुक्त रसायनेही पकडतो, ब्रोमेटची भीती नसते आणि नायट्राइटने त्याचे काही बिघडत नाही. सल्फामेथोक्साझोल मात्र लवकर निसटू लागते. दोष आणखी एक आहे आणि तो माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. ओझोनयंत्र बंद पडले तर मीटर शून्यावर येतो आणि कोणालाही दिसते. कोळसा थकला तर मात्र काहीच दिसत नाही. पाणी तसेच स्वच्छ दिसते, पंप तसाच चालतो आणि कागदोपत्री चौथा टप्पा सुरूच राहतो. यावर उपाय आहे: 254 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे शोषण टप्प्याच्या आधी व नंतर सतत मोजावे. ही घट औषधांच्या घटीशी चांगली जुळते, मोजणी स्वस्त असते आणि चालकाचे देयक तिच्याशी बांधता येते. ओझोनसाठीही हाच मापक वापरावा.

मेंब्रेनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळणाऱ्या रिव्हर्स ऑस्मोसिसच्या, पर्यायाविषयी थोडक्यात सांगता येईल. जवळपास सर्वच पदार्थ ते अडवते, पण घनमीटरमागे अर्धा ते एक युनिट वीज घेते, म्हणजे आपल्या केंद्राला रोज 25,000 ते 50,000 युनिट. शिवाय पाव हिस्सा पाणी नाकारले जाते, आणि रोजच्या त्या सव्वा कोटी लिटरमध्ये अडवलेली सारी औषधे चौपट सांद्र होऊन बसलेली असतात. ते पाणी विश्वामित्रीत सोडायचे असेल, तर आधीचा सारा खटाटोप व्यर्थ. सुरतेने बमरोली येथे 2014 मध्ये 40 एमएलडीचा प्रकल्प उभारून पांडेसराच्या कापड उद्योगाला पाणी दिले, चेन्नईने 2019 मध्ये कोडुंगैयूर व कोयंबेडू येथे प्रत्येकी 45 एमएलडीचे प्रकल्प सुरू केले. दोन्हीकडे पाणी विकत घेणारा उद्योग होता. असा गिऱ्हाईक असेल तरच या पर्यायाचा विचार करावा, नदीसाठी नव्हे. अतिनील प्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी शुद्ध पाण्यावर प्रभावी ठरते. गढूळसर सांडपाण्यावर तिची वीज परवडत नाही.

तेव्हा निर्णय असा मांडता येईल. गृहनिर्माण संस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या लहान केंद्राला दाणेदार कोळसाच योग्य. ओझोन हा विषारी वायू आहे आणि त्याच्या गळतीवर लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस चोवीस तास तेथे मिळणार नाही. महापालिकेच्या मोठ्या केंद्रात जैविक टाकी वर्षभर नायट्राइट अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली ठेवत असेल आणि ब्रोमाइड अल्प असेल, तर ओझोन आणि त्यामागे वाळूऐवजी दाणेदार कोळशाचा थर ही जोडी मी निवडेन. आधी ओझोन लागल्याने कोळसा अधिक टिकतो आणि एकाकडून सुटलेले दुसरा पकडतो. या दोन अटींपैकी एक जरी पुरी होत नसेल, तर आज फक्त कोळसा बसवावा आणि ओझोनसाठी जागा राखून ठेवावी. यासाठी टेंडरपूर्वी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत प्रत्येकी किमान एक आठवडा, चोवीस तासांच्या मिश्र नमुन्यांवर सेंद्रिय कार्बन, नायट्राइट आणि ब्रोमाइड मोजून घ्यावे. ओझोनयंत्र आणि विजेची पॅनेल यांच्या जोत्याची उंची ऑगस्ट 2024 च्या पुराची रेषा पाहून ठरवावी, कारण कोळशाची टाकी पुरात बुडाली तर धुऊन पुन्हा चालवता येते, ओझोनयंत्र येत नाही.