‘झिरो ए. डी.’: एक पावसाळा आणि एक गणपती खेळून झाल्यावर

आधी मुद्द्याचं सांगतो. ‘झिरो ए. डी.’ हा गेम फुकट आहे, नेट नसलं तरी चालतो, मध्येच जाहिरात दाखवत नाही आणि आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही खेळता येतो. आमच्या देवगडच्या बाजूला जून लागला की लाइट आणि मोबाइलची रेंज दोन्ही बेभरवशाची. तेव्हा एवढ्यावरही मी तो ठेवलाच असता. पण एवढं लिहायला बसलो ते फुकट आहे म्हणून नाही. हौशी माणसांनी दोन दशकांहून जास्त काळ हा गेम धरून ठेवलाय आणि खेळताना ते पावलोपावली जाणवतं. त्यातलं चांगलंही आणि त्रासाचंही.

सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून ज्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलंय त्यांना हा खेळ लगेच कळेल. वस्ती वसवायची, अन्न, लाकूड, दगड, धातू जमवायचं, गावाचं नगर आणि नगराचं शहर करायचं, आणि शेजाऱ्याने आपल्याला संपवायच्या आत त्याला संपवायचं. काळ इसवी सनापूर्वी ५०० ते १. रोमन, ग्रीक, पर्शियन, कार्थेज, आणि आपले मौर्य.

याचं मूळही तिथलंच. २००१ साली ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या काही चाहत्यांनी त्याच गेमचा मोड, म्हणजे मूळ गेमवरच बेतलेली बदललेली आवृत्ती, करायला घेतला. मनात होतं ते त्या चौकटीत बसेना, म्हणून त्यांनी स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, लिहायला सुरुवात केली. ‘पायरोजेनेसिस’ हे त्याचं नाव. हा गेम करणारा गट ‘वाइल्डफायर गेम्स’ म्हणजे काही पगारी माणसांची कंपनी नाही. जगभर विखुरलेले, आपापले व्याप सांभाळून काम करणारे हे लोक. २००९ मध्ये त्यांनी सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला, म्हणजे तो कुणीही घ्यावा, बदलावा आणि पुढे वाटावा. २०१० मध्ये पहिला अल्फा, म्हणजे खेळता येण्याजोगी पण अजून घडत असलेली आवृत्ती, आला.

माझं ठाम मत आहे की हा गेम जगला तो या दोन निर्णयांमुळे. दुसऱ्याच्या जागेत घर बांधलं नाही, आणि स्वतःच्या घराला कुलूप लावलं नाही. चाहत्यांनी केलेल्या गेमचं एरवी काय होतं ते पाहा. ‘मेट्रॉइड २’चा चाहत्यांनी केलेला रिमेक ‘एएमटूआर’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि काही दिवसांतच मूळ गेमची मालक कंपनी निन्टेन्डो हिच्या कायदेशीर तक्रारीमुळे डाउनलोड काढावं लागलं. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि अधिकृतपणे मिळायची सोय आठवडाभरही टिकली नाही. ‘ब्लॅक मेसा’चं नशीब चांगलं. ‘हाफ लाइफ’चा तो रिमेक २०१२ मध्ये मोड म्हणून आला, मूळ गेमची मालक कंपनी वाल्व्हने तो विकायला परवानगी दिली आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. पण तिथेही मूळ मालकाने हो म्हणावं लागलंच. ‘झिरो ए. डी.’ला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागली. २०१३ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली होती, १ लाख ६० हजार डॉलर. जमले ३३ हजारांच्या थोडे वर. २०१८ मध्ये अल्फा २३ आला आणि पुढचा आला थेट २०२१ मध्ये. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासारखं आहे हे. कधी सुतार मिळत नाही, कधी जमवाजमव थांबते, ज्याने सुरुवात केली तो गाव सोडून जातो, पण कुणीतरी येऊन पुढचा खांब उभा करतोच. प्रत्येक अल्फाला एबीसीडीच्या क्रमाने नाव दिलं जातं. दहावा ‘झेलम’, तेरावा ‘मगध’, सोळावा ‘पतंजली’. सव्वीस अक्षरं संपली तेव्हा पुन्हा ‘ए’पासून सुरुवात झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या सत्ताविसाव्याचं नाव ‘अग्नि’. मी खेळलो तो हाच. ‘अल्फा’ म्हणजे अर्धवट, असं समजून पुष्कळ जण लांब राहतात. तसं करू नका. इतक्या महिन्यांत गेम अचानक बंद पडण्याचे प्रसंग मला फार थोडे आले.

आता प्रत्यक्ष खेळाबद्दल. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिपाई हाच कामकरी. भालाईत बनवला की तो लढतो, आणि लढाई नसेल तेव्हा कुऱ्हाड घेऊन झाडं तोडतो, खाणीत उतरतो. म्हणजे स्वारीवर वीस माणसं पाठवली की मागे वीस माणसांचं काम थांबतं. स्वारी फसली तर सैन्य जातं आणि पुढच्या घराचं लाकूडही जातं. त्यामुळे हल्ल्याचा निर्णय घेताना मन खरोखर कचरतं. आधी खेळलेल्या अशा गेममध्ये मला ही धाकधूक नव्हती.

मी बहुतेक मौर्यच घेतो. त्यांच्याकडे कामकरी हत्ती असतो. जंगलाच्या कडेला त्याला उभा करायचा, लाकूडतोडे ओंडके आणून त्याच्यापाशी टाकतात, आणि झाडं संपली की हत्तीला पुढच्या रानात हाकायचा. बाकीच्यांना तिथे नवं कोठार बांधत बसावं लागतं. संध्याकाळी माझ्या मागे बसलेली आजी तो हत्ती बघत बसायची. “ह्यो हत्ती खंय चललो रे?” हा तिचा ठरलेला प्रश्न. तो तिरकी मान करून डुलत चालतो, कान हलवतो, पाय उचलताना वजन जाणवतं. कुणीतरी पैसे मिळणार नाहीत हे माहीत असून तो हत्ती इतक्या निगुतीने घडवलाय.

इतिहासाची कळकळही खरी आहे. मौर्यांचे नायक म्हणून चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य मिळतात. अशोकस्तंभ उभारता येतो. माझ्या भाच्याने तो स्तंभ पाहून “हे खरंच होतं का?” असं विचारलं, तेव्हा त्याला सोपाऱ्याबद्दल सांगितलं. आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तरेला, आजच्या नालासोपाऱ्यात, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला होता. मुंबईच्या संग्रहालयात मुलं तो बघूनही येतात, पण लक्षात राहत नाही. गेममध्ये स्वतःच्या हाताने स्तंभ उभारल्यावर भाच्याच्या तो पक्का डोक्यात बसला. नकाशांत ‘सह्याद्री’ नावाचाही एक आहे. घाट उतरून येणाऱ्या माणसाला तो हुबेहूब वाटणार नाही, तरी यादीत ते नाव पाहून फार बरं वाटलं.

आता त्रासाचं. माणसं वाढली की गेम अडखळतो. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं लोण्यासारखी जातात. मग दोन्हीकडची मिळून तीन-चारशे माणसं, घोडे, हत्ती एकमेकांवर चालून गेले की पडदा धक्के खात सरकतो, हुकूम दिल्यावर सैन्य क्षणभर तसंच उभं राहतं. प्रत्येकाची वाट शोधण्याचा हिशेब प्रोसेसरवर पडतो आणि त्यातला मोठा भाग एकाच कोअरवर चालतो, म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड असलं तरी हा त्रास पूर्ण जात नाही. उपाय एकच: खेळ मांडतानाच लोकसंख्येची मर्यादा शंभरावर ठेवा, सावल्या आणि पाण्याचे इफेक्ट बंद करा. माझ्याकडे एवढ्याने काम भागतं.

जहाजांनी मात्र निराशा केली. समुद्रकाठच्या माणसाला आरमाराची लढाई खेळायची असणारच. उघड्या पाण्यात ठीक, पण चिंचोळ्या खाडीत चार-पाच जहाजं एकत्र पाठवली की एकमेकांना अडून तिथेच गोल फिरतात. मासेमारीच्या होड्या तेवढ्या छान चालतात.

कथा म्हणून पुढे सरकणारी मोठी मोहीम नाही. एकट्याने खेळायचं तर संगणकाशी, ‘पेत्रा’ नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी. ‘मीडियम’ला तो सोपा, ‘हार्ड’ला चांगला दम काढतो, पण त्याच्या सवयी पाठ झाल्या की चुरस कमी होते.

मग खरी मजा माणसांबरोबर. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, भाचे-पुतण्यांनी आपापले लॅपटॉप आणले. पडवीत जुना राउटर लावला, नेट जोडलेलंच नव्हतं. एकाने आपल्या लॅपटॉपवर खेळ मांडला (होस्ट केलं), बाकीच्यांनी त्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा आयपी पत्ता टाकला आणि चौघांचा खेळ सुरू. रात्री आरती आटपली की बसायचं ते बारा वाजेपर्यंत. खेळ संपल्यावर कोणी किती लाकूड जमवलं, किती माणसं गमावली याचे आलेख येतात, आणि त्यावर सकाळच्या चहापर्यंत वाद चालतो. एक खबरदारी घ्या: सगळ्यांकडे गेमची तीच आवृत्ती आणि तेच मोड हवेत. एका पुतण्याकडे जुना अल्फा होता, तर त्याला आतच येता येईना, आणि एक जीबीहून मोठी फाइल त्या रेंजवर उतरवणं अशक्य. शेवटी माझ्याकडचीच पेन ड्राइव्हवर दिली.

ती पेन ड्राइव्ह अजून तशीच ठेवली आहे. विंडोज आणि लिनक्स, दोन्हींच्या फाइली आहेत. देवगड-कणकवलीकडचं कुणी असेल तर येऊन कॉपी करून न्या आणि पुढे द्या. परवाना तशी मुभा देतो.