आरोग्य विमा आणि घराचा विमा : दोन वर्षं हप्ते आणि दोन क्लेमनंतर

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी आधी बँकेची फाईल शोधली. गृहकर्ज घेताना 'विमा' म्हणून एकरकमी पैसे कापलेले मला आठवत होते. कागद निघाला खरा, पण तो घराचा नव्हताच, माझा होता. मी गेलो तर कर्ज फिटणार होतं. घर गेलं तर काहीच नाही. सरकारकडून सानुग्रह अनुदान मिळालं, त्यात गाळ काढणाऱ्यांची मजुरी आणि दोन गाद्या निघाल्या.

एवढं होऊनही घराचा विमा घ्यायला मला २०२४ चा मे उजाडला. आरोग्य विमा त्याआधी, २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला होता. आता दोन्हीवर एकेक क्लेम करून झालाय, म्हणून लिहितोय. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही.

आधी आरोग्याचं, कारण त्यात पैसे जास्त जातात आणि डोकंही. मी, बायको आणि मुलगा यांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी (म्हणजे एकच रक्कम तिघांत सामाईक), आईची वेगळी. पॉलिसी देणाऱ्या काकांनी (चांगले माणूस, वडिलांच्या ओळखीतले) पहिलाच सल्ला दिला, "आईंच्या बीपीचं लिहू नका, हप्ता वाढतो." मी लिहिलं. हप्ता वाढला. पण दवाखान्यात ॲडमिट करताना निवासी डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतो? "बीपी, शुगर? किती वर्षांपासून?" आई सरळ सांगणार, "झाली की बारा वर्षं." ते केसपेपरवर जातं आणि क्लेमच्या वेळी कंपनी तोच केसपेपर मागते. लपवायचं कुणापासून? सांगितलेल्या आजाराला फार तर प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळत नाही, आणि एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीत तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. न सांगितलेला आजार सापडला तर क्लेमही जातो, पॉलिसीही जाऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीला असं कारण काढता येत नाही. पण आईला पाच वर्षं आजारी पडू नकोस असं कसं सांगणार?

बीपीखेरीज आणखी एक यादी असते. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघ्याची वाटी बदलणं. यांना आमच्या पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतं, आजार आधी असो वा नसो. आईच्या डोळ्यांनी चौदाव्या महिन्यातच दगा दिला. पैसे खिशातून गेले. कंपनीची त्यात चूक नव्हती, ते पहिल्या पानावर लिहिलेलं होतं आणि मी वाचलेलं नव्हतं. (आई ७१ ची आहे. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राचं ५ लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, उत्पन्नाची अट नाही. तेही काढून ठेवलंय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आधी ते काढा, मग खासगी पॉलिसीचे आकडे बघा.)

आता मुख्य प्रसंग. २०२४ च्या ऑक्टोबरात बायकोला डेंगी झाला. मिरजेतल्या एका दवाखान्यात चार दिवस. कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने दवाखान्याला परस्पर पैसे देण्याचा, अर्ज तासाभरात मंजूर झाला, हे कबूल करायला हवं. तरी काउंटरवर दहा हजार डिपॉझिट घेतलंच. दोघांत एक खोली असलेला वर्ग भरलेला होता, म्हणून रोज ७,५०० ची स्वतंत्र खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,०००. माझा साधा हिशोब होता की वरचे अडीच हजार गुणिले चार, दहा हजार आपण भरू.

तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. ५,००० भागिले ७,५००, म्हणजे दोन तृतीयांश. बिल ८४ हजारांचं झालं. त्यात खोली ३०, डॉक्टरांच्या व्हिजिट आणि नर्सिंग १८, औषधं आणि रक्ताच्या तपासण्या ३३, आणि क्रेप बँडेज, मिनरल वॉटर असल्या मुळातच न मिळणाऱ्या गोष्टींचे ३ हजार. कंपनीने ८१ हजारांचे सरसकट दोन तृतीयांश, ५४ हजार, मंजूर केले. मी ३० हजार भरून बायकोला घरी आणलं.

घरी आल्यावर मात्र पॉलिसीचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. प्रमाणात कपात होते ती 'संलग्न वैद्यकीय खर्चा'वर, आणि त्या शब्दाच्या व्याख्येतच लिहिलेलं की औषधं, तपासण्या, इम्प्लांट त्यात धरायचे नाहीत. ही व्याख्या कंपनीची मेहरबानी नाही, विमा नियामकाने २०२० मध्ये सगळ्यांना घालून दिलेली आहे. म्हणजे ३३ हजारांवरची कपात चुकीची होती. खोलीचे २०, डॉक्टरांचे १२, औषधं-तपासण्यांचे पूर्ण ३३ मिळून ६५ हजार यायला हवे होते. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वेगळा माणूस, उत्तर एकच, "सर, सिस्टिमने कॅल्क्युलेट केलंय." मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. पॉलिसीतलं कलम, त्याचा पानक्रमांक आणि वरची बेरीज, बाकी एक शब्द नाही. राग तर अजिबात लिहिला नाही. अठराव्या दिवशी ११ हजार खात्यात जमा झाले, सोबत ना दिलगिरी ना खुलासा. त्यांनी महिनाभर दाद दिली नसती तर विमा भरोसा हे नियामकाचं तक्रारींचं पोर्टल आणि पुढे पुण्याला विमा लोकपालांकडे जायचं ठरवलं होतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

डिस्चार्जबद्दलही एक. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायचा नियम आहे. डॉक्टरांनी सकाळी दहाला 'घरी जा' म्हटलं आणि आम्ही तीनला सुटलो, त्यामुळे कंपनीवर भडकलो होतो. नंतर मेसेज पाहिले तर दवाखान्याने बिलच साडेबाराला पाठवलेलं. घड्याळ तिथून सुरू होतं. तेव्हा बिलिंग काउंटरवर बसून राहणारा घरचा एक माणूस हवा. आमच्याकडे मेव्हणा होता, पण तो चहा प्यायला गेला होता.

आता घराचा विमा. हा विकायला कुणीच दारात येत नाही. हप्ताच इतका कमी की विकणाऱ्याला त्यात सुटणार काय! 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. आमचं बांधकाम ८५० चौरस फूट. आजच्या बांधकाम खर्चाने फुटाला २,२०० धरले तर १८ लाख ७० हजार होतात. ऑनलाइन फॉर्म भरून देणारा मुलगा ६० लाख टाका म्हणत होता, कारण गावभागात घराची किंमत तेवढी येते. पण त्यातली बरीचशी किंमत जागेची, आणि जागा पुरात वाहून जात नाही. घरातल्या सामानाला बांधकामाच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ७४ हजारांचं संरक्षण आपोआप मिळालं. जीएसटी धरून वर्षाला अकराशेच्या आसपास. पूर, भूकंप, वादळ, आग, सगळं आत. सोनं मात्र नाही, ते वेगळं घालावं लागतं. आणि साधी घरफोडी यात बसत नाही. पूर-आगीसारखी घटना घडल्यापासून सात दिवसांतली चोरी तेवढी बसते. २०१९ ला बंद घरांत चोऱ्या झाल्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना या सात दिवसांचा अर्थ कळेल.

२०२५ च्या मेमध्ये वळवाने गच्चीवरचा पत्रा शेजारच्यांच्या अंगणात नेऊन टाकला, टाकी फुटली, जिन्यावरच्या खोलीतलं कपाट आणि गाद्या भिजल्या. त्याच रात्री वीज कुठेतरी जवळ पडली, आणि इन्व्हर्टर आणि फ्रिजचा बोर्ड गेला. मी सगळं मिळून ५८ हजारांचा क्लेम टाकला. नुकसान पाहायला कंपनीने पाठवलेले सर्व्हेअर आले, वयस्कर, शांत. चप्पल काढून गच्चीवर गेले, फोटो काढले आणि म्हणाले, "फ्रिज-इन्व्हर्टरचे आठ हजार विसरा."

मी म्हटलं, "अहो, वीज पडणं पॉलिसीत आहे ना?"

"आहे. विजेने भिंत फुटली, घर पेटलं तर आहे. पण दाब वाढून जे यंत्र स्वतःच जळलं, ते यंत्र बाहेर. त्यातून आग लागून तुमचा पडदा जळला असता तर पडदा दिला असता."

ते गेल्यावर कलम काढून पाहिलं, तर तंतोतंत तसंच. इथे भांडायला काही नव्हतं. पत्रा आणि लोखंडी अँगलच्या ३१ हजारांतून फॅब्रिकेटरचा दर जास्त म्हणून साडेतीन हजार कापले. टाकीचे ७ आणि कपाट-गाद्यांचे १२ पूर्ण मिळाले, जुनं म्हणून घसारा धरला नाही. एकूण साडेसेहेचाळीस हजार. गाद्यांची पावती नव्हती, पण पावसाळ्यापूर्वी मोबाईलवर घराचा एक व्हिडिओ सहज केला होता, तो चालला.

नोव्हेंबरात आरोग्याची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि झालेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पण मी नव्या वयोगटात गेल्यामुळे मूळ हप्ताच वाढला, आणि भरायची रक्कम जवळपास होती तेवढीच राहिली. आईची पॉलिसी आहे तिथेच ठेवली, या वयात नवी कंपनी तिला घेईल याची खात्री वाटली नाही.

घराच्या विम्यासाठी आता एप्रिलअखेर खोली-खोलीचा व्हिडिओ करायचा आणि पुण्याला बहिणीकडे पाठवायचा, असं ठरलंय. गेल्या खेपेला आई मध्येच म्हणाली, "तांब्याचा हंडाही घे की त्यात." घेतला. मग तीच म्हणाली, "नको, राहू दे. तो एकोणीसच्या पाण्यात तरंगत जिन्यापर्यंत आला होता, त्याला कसला विमा."