घरचा स्प्लिटर कशाचा करावा: एसीपी, अ‍ॅल्युमिनियम की प्लायवूड?

बंपरच्या खाली, जमिनीला समांतर, जिभेसारखी पुढे आलेली सपाट फळी म्हणजे स्प्लिटर. गेल्या काही वर्षांत मी अशा तीन फळ्या घरच्या गॅरेजमध्ये केल्या. पहिली एसीपीची (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं शीट), दुसरी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, तिसरी बर्च झाडाच्या लाकडाच्या प्लायवूडची. गाडी तीच, दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५. ट्रॅकही बहुतेक वेळा तोच, मिशिगनमधल्या साउथ हेवनजवळचा साडेतीन किलोमीटरचा जिंजरमॅन. त्यामुळे तिन्हींची तुलना करायला मला बऱ्यापैकी सारखी परिस्थिती मिळाली.

पहिल्यांदाच करत असाल तर १२ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्या, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. लाकूड म्हटलं की लोक नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं, म्हणून तर दोन फळ्या वाया गेल्या. आता कारणं सांगतो, आणि प्लाय कोणी घेऊ नये तेही.

आधी फळीवर भार किती येतो ते बघू. धावत्या गाडीच्या बंपरवर वारा आदळून थबकतो आणि तिथे दाब वाढतो. तो दाब जिभेच्या वरच्या अंगावर बसतो. खालून मात्र जमीन आणि फळी यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून वारा वेगाने निघतो, तिथला दाब उतरतो. वरून दाबणं आणि खालून ओढणं मिळून गाडीचं नाक खाली बसतं आणि पुढच्या टायरांना पकड मिळते. ताशी १६० किलोमीटरला थबकलेल्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १२० किलो भरतो. जीभ साडेसात सेंटिमीटर पुढे आणि १६० सेंटिमीटर रुंद धरली, तर वरून फार तर १४-१५ किलो. खरी कमाई खालची, कारण खाली अख्खी फळी कामाला लागते. आणि हे सगळं वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने चालतं: ८० ला चौथाई, ६० ला सातवा हिस्सा. मोकळ्या मैदानात शंकू मांडून ताशी ५०-६० ने गाडी फिरवणाऱ्याने स्प्लिटरवर शनिवार-रविवार घालवू नयेत, चांगले टायर घ्यावेत.

या आकड्यांवरून साहित्य निवडायचं असतं आणि मी नेमकं तेच केलं नव्हतं. मी वजन बघितलं. बघायचा होता ताठपणा. फळी जराशी लवली की खालची फट अरुंद होते, ओढ वाढते, फळी आणखी लवते. शेवटी कडा जमिनीच्या इतकी जवळ जाते की वारा तिथून निघतच नाही, ओढ एकदम सुटते आणि फळी वर उसळते. मग पुन्हा तेच. वेगात असताना हा प्रकार सेकंदाला कितीतरी वेळा होतो, आणि तो तुम्हाला दिसत नाही, स्टिअरिंगमध्ये जाणवतो.

सपाट फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अ‍ॅल्युमिनियम हा धातू म्हणून बर्चपेक्षा सातपट ताठ खरा, पण ३ मिलिमीटरचा पत्रा आणि १२ मिलिमीटरचं प्लाय शेजारी ठेवा. दोन्हींचं वजन चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास, म्हणजे सारखंच. जाडी मात्र चौपट, आणि चारचा घन ६४. सातने भागलं तरी त्याच वजनात प्लाय नऊपट ताठ निघतं. आडव्या धाग्याच्या दिशेने थोडं कमी, तरी फरक प्रचंडच. ४ मिलिमीटर एसीपीचं गणितही तिथेच जातं: प्लायच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका ताठपणा. गृहिणीच्या चॉपिंग बोर्डचं जे पांढरं प्लास्टिक असतं, एचडीपीई, ते १२ मिलिमीटरचं घेतलं तर वजन चौरस मीटरला ११ किलोच्या वर आणि ताठपणा प्लायच्या दहाव्या हिश्शाएवढा. कागदावर हे करायला दहा मिनिटं लागतात.

एसीपीचं सुख म्हणजे काम एका संध्याकाळी होतं. दुकानांच्या पाट्या ज्याच्या करतात तेच हे शीट: दोन बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक. जिगसॉने लोण्यासारखं कापलं जातं, पाण्याला दाद देत नाही, रंग लावावा लागत नाही. माझी फळी सव्वापाच किलोची झाली आणि दिसायला सुरेख होती. पहिल्याच दिवशी सरळ रस्त्यावर १४० च्या पुढे स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू झाली. मला वाटलं चाकाचं बॅलन्सिंग गेलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबवतात तिथे, येऊन वाकून बघितलं तर फळीला धरून ठेवणाऱ्या दोन टेकूंच्या मधल्या भागात फळीच्या खालच्या कडेला घासल्याचे ताजे, चमकते ओरखडे होते, आणि टेकूंपाशी काहीच नव्हतं. फळी टेकूंच्या मधे झोळीसारखी लोंबत होती. दोनाचे चार टेकू केले, थरथर कमी झाली. पुढच्या वेळी वळणाच्या कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यावर चाक जरा जास्त चढलं आणि कोपऱ्याला घडी पडली. एसीपीला एकदा घडी पडली की ती निघत नाही, आतलं प्लास्टिक पत्र्यापासून सुटतं.

तरी एसीपी सरसकट बाद नाही. जीभ फक्त चार-पाच सेंटिमीटर पुढे ठेवायची असेल आणि सहा टेकू द्यायची तयारी असेल, तर ते चालतं. त्याचाच जाड भाऊ, १० मिलिमीटरचा, आतमध्ये नालीदार पोकळ प्लास्टिक असलेला, हा मात्र प्लायचा खरा प्रतिस्पर्धी आहे. कातडी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर ताठपणा प्लायच्या बरोबरीला येतो आणि वजन बरंच कमी. आमच्यातल्या एका मित्राच्या गाडीवर तो दोन वर्षं टिकलेला मी बघितलाय. त्याचं दुखणं बोल्टांपाशी आहे. बोल्ट आवळला की पोकळ भाग चेपतो, म्हणून प्रत्येक भोकात आतून नळीचा तुकडा बसवावा लागतो. मित्राने ते नेटाने केलं. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांना जमेल असं नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वजन प्लायएवढंच, ताठपणा नववा हिस्सा, ठोकर बसली की कायमचा वाक. वरचा ग्रेड घेतल्याने फळी ताठ होत नाही, फक्त वाकायला जास्त जोर लागतो. खालून अँगल मारून ताठ करता येतो, पण मग ते अँगल वाऱ्याच्या वाटेत येतात. शिवाय ३ मिलिमीटरची धातूची कड माणसाच्या नडगीच्या उंचीवर उघडी ठेवणं मला मनापासून पटत नाही. माझी पिटमध्ये उभी असायची तेव्हा मी कडेवर रबरी नळी चिरून बसवत असे.

आता प्लाय. लाकडाची लाज वाटत असेल त्यांच्यासाठी एक आठवण. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या पोटाखाली १९९४ पासून दाबलेल्या लाकडाची १० मिलिमीटरची फळी बंधनकारक झाली. त्याच वर्षी बेल्जियमची शर्यत जिंकलेल्या मायकल शूमाकरला ही फळी मर्यादेपेक्षा जास्त झिजली म्हणून बाद केलं गेलं. २०२३ साली अमेरिकेतल्या शर्यतीत हॅमिल्टन आणि लक्लेर याच कारणाने बाद झाले.

प्लायच्या कामाला मला दोन शनिवार-रविवार लागले आणि त्यातला बराचसा वेळ कडा बुजवण्यात गेला. आधी गाडी सपाट जमिनीवर उभी करून बंपरच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि दर पाच सेंटिमीटरला खालच्या पुठ्ठ्यावर खूण केली. खुणा जोडल्या की बंपरची रेघ मिळते, तिच्यापुढे जिभेची रेघ. मग लक्षात आलं की बाल्टिक बर्चचा तक्ता पाच फूट बाय पाच फूट येतो, म्हणजे १५२ सेंटिमीटर, आणि गाडीची रुंदी १६८. पुठ्ठा तिरका ठेवून फळी बसवावी लागली, बरंच लाकूड वाया गेलं. २०२२ नंतर इथे हे प्लाय महागही झालंय, कारण ते मुख्यतः रशियातून येत असे. आठ फुटी तक्त्याचं मरीन प्लाय मिळत असेल तर ते बघा.

पुढची कड खालच्या बाजूने गोल केली, कारण वारा तिथून वळून आत शिरतो. वरची कड नुसती पॉलिश पेपरने मारली. मग भोकं. प्रत्येक भोक हवं त्यापेक्षा चार मिलिमीटर मोठं पाडलं, ते इपॉक्सीने भरलं, रात्रभर वाळू दिलं आणि त्याच्या मधोमध खऱ्या मापाचं भोक पाडलं. अशाने बोल्टाभोवती लाकूड उघडं राहत नाही. कडेला इपॉक्सीचे तीन हात. पहिला हात प्लाय नुसता पिऊन टाकतं, अर्ध्या तासात कड पुन्हा कोरडी दिसायला लागते. तिसऱ्या हाताला ती काचेसारखी चमकली की समजायचं आता पाणी शिरणार नाही. खालच्या कोपऱ्यांवर एचडीपीईचे तुकडे स्क्रूने मारले. त्या प्लास्टिकचा फळी म्हणून उपयोग नाही, पण घासून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

फळी कशाचीही असो, ती बंपरच्या प्लास्टिकला अडकवू नका. बंपर स्वतःच वेगात हलतो. मागची बाजू सबफ्रेमला (गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीला), पुढची बाजू बंपरच्या आतल्या लोखंडी बीमला, दोन्ही टोकांना फिरकी असलेल्या सळ्यांनी. बसवून झाल्यावर टेकूजवळ पाय ठेवून स्वतः उभे राहा. १६० ला फळीवर जो भार येणार आहे तो साधारण एका माणसाएवढा. तुमच्या वजनाने करकरली तर ट्रॅकवर नेऊ नका.

चाचणीच्या बाबतीत मी सुरुवातीला लॅपच्या वेळेवर विश्वास ठेवला, ते चुकलं. सकाळी गार हवा, दुपारी तापलेले टायर, आणि मी स्वतः दिवसभरात सुधारत जाणार. यात स्प्लिटरचा वाटा कुठला ते सांगता येत नाही. शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या दांड्याला प्लास्टिकचा झिप टाय बांधून नाक किती बसलं ते बघण्याची युक्तीही फसवी, कारण ब्रेक मारल्यावर नाक वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खाली जातं आणि टाय तेच दाखवतो.

खरं सांगितलं ते पारदर्शक नळी आणि रंगीत पाण्याने. नळी इंग्रजी यू सारखी वाकवून एका पट्टीवर बांधली, एक टोक गाडीच्या आत मोकळं, दुसरं फळीवर टेपने चिकटवलेल्या बारीक भोकाच्या चकतीपर्यंत. काचा बंद, पंखा बंद, दर वेळी तसंच. ताशी १०० ला वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याला ४७ मिलिमीटर हलवतो. फळीच्या वर, मधोमध, मला चाळीसच्या आसपास मिळाले. म्हणजे वरचं काम एसीपीवरही ठीक चाललं होतं. नळी खालच्या बाजूला लावली तेव्हा फरक समोर आला. एसीपीखाली पाणी उलट्या बाजूला चढायचं पण एका जागी ठरायचं नाही, शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला आकडा वाचताच येईना. प्लायखाली पाणी जास्त चढलं आणि तिथेच उभं राहिलं. तिने तीन फेऱ्यांत तीनदा जवळजवळ तोच आकडा सांगितला. फळी बसवून, काढून, पुन्हा बसवून मोजा. दुसऱ्यांदा बसवल्यावर पहिलाच आकडा आला तरच तो खरा.

आणि मागच्या पंखाशिवाय, म्हणजे गाडीचा मागचा भाग वाऱ्याने खाली दाबणाऱ्या डिकीवरच्या आडव्या फळीशिवाय, मोठा स्प्लिटर लावू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय. पुढची पकड वाढली, मागची तेवढीच राहिली, तर वेगाच्या वळणात गाडीचा मागचा भाग सुटतो. साधारण एक टनाची, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी १३० ला आडवी झाली तेव्हा नशिबाने बाहेर गवत होतं. पंख नसेल तर जीभ दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा, किंवा थांबा.

भारतात कोइंबतूरच्या करी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकसाठी करत असाल, तर बर्च शोधत बसू नका. आयएस ७१० चा शिक्का असलेलं १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय कुठल्याही मोठ्या प्लायच्या दुकानात मिळतं. बर्चपेक्षा जरा जड पडेल, पण पाण्याला पक्कं असतं आणि सुताराकडून कापूनही घेता येतं. ट्रॅकपर्यंत फळी डिकीत घालून न्या. आपल्या गतिरोधकांवर ती टिकणार नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही.

ज्यांची गाडी वर्षभर उघड्यावर उभी असते आणि कडा तपासायला ज्यांना वेळ नाही, त्यांनी प्लाय घेऊ नये. त्यांना जाड एसीपीच बरं. बाकीच्यांनी प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर फळीच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघावं. नख रुतलं तर पाणी शिरलंय. तेवढा भाग काचपेपरने उघडा करायचा, घरात दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पुन्हा इपॉक्सी लावायची.