टेंपोतलं कलम घेण्याआधी पट्टी सोडून बघा

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या, जमीन जरा निवली, की आमच्या गुहागर बाजूला वाड्यावाड्यांतून रोपांचे टेंपो फिरायला लागतात. भोंग्यावर ‘हापूस, केसर, बारमाही लिंबू, मादी जायफळ, दोन वर्षांत नारळ’ अशी यादी चालू असते. सगळेच लबाड असतात असं मुळीच नाही. आमच्या दारातला चिकू अशाच एका गाडीवरचा आहे आणि तो मनापासून धरतो. पण मधे आलेल्या एका गाडीने आमच्या वाडीत पाच-सहा घरांना जे विकलं, त्यातलं निम्मं लगेच उघडं पडलं आणि निम्मं कळायला सहा वर्षं गेली. यंदा परत तीच भाषा कानावर येतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर आगरातलं. मागे माड-पोफळी, विहिरीच्या अंगाला केळी आणि अळू, पुढे अंगणाच्या कडेने पडवळ-दोडक्याचा मांडव. घरच्यापुरती भाजी निघते, पावसात तर शेजारी द्यावी लागते इतकी. चार माडांच्या मधल्या सावलीत जायफळ लावायचं सासऱ्यांच्या बरेच दिवस मनात होतं, आणि गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणाशी, जुनी आंब्याची झाडं वादळात गेली होती तिथे नवीन कलमं हवी होती. त्यामुळे गाडी दारात थांबली तेव्हा गिऱ्हाईक तयारच होतं.

दोघेजण होते. एकाच्या गळ्यात ओळखपत्र, त्यावरचं नाव असं जुळवलेलं की घाईत वाचणाऱ्याला दापोलीचं कृषी विद्यापीठच वाटावं. हातात रंगीत फोटोंची फाइल, वर ‘अनुदानित दर’ असा शिक्का. बोलणं अगदी गोड. “वहिनी, आधी पाणी द्या, रोपं मग बघा. घेतलीच पाहिजेत असं काही नाही.”

सासरे कच्चे नाहीत. त्यांनी कलमं खाली उतरवून घेतली, पानं चुरडून वास घेतला, काडी कुठल्या बागेतली ते विचारलं. त्या माणसाने रत्नागिरीजवळच्या एका गावाचं नाव न अडखळता सांगितलं. मग सासरे म्हणाले, “जोड दाखव. पट्टी सोड.”

“काका, पट्टी सोडलीत तर जोड निखळेल. वर्षभर हात लावायचा नाही. सोडलीत तर आमची गॅरंटी संपली.”

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी फसवणूक त्याच्यात आहे.

कोकणात आंब्याचं कलम बहुतेक कोय कलम असतं. रायवळ आंब्याच्या कोयी पावसाळ्याच्या तोंडावर वाफ्यात रुजत घालतात. रोप दहा-पंधरा दिवसांचं, अजून तांबूस पानांचं, कोवळं असतानाच त्याचा शेंडा छाटून देठाला मधोमध चीर देतात आणि हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात. वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. जोड दोन-तीन महिन्यांत एकजीव होतो आणि पट्टी काढून टाकतात. काढावीच लागते, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते आणि कलम तिथेच आवळलं जातं. म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं म्हणून जे कलम तुमच्या हातात देतात, त्याच्यावर करकरीत नवी पट्टी असायचं कारणच नाही. असली तर ती जोड सांभाळायला नसून झाकायला आहे.

खरा जोड डोळ्यांना दिसतो. मातीपासून वीतभराच्या आत, खाली, खोडाला किंचित गाठ येते. नीट पाहिलं तर पाचरीची तिरकी रेघ दिसते, आणि रेघेच्या वरची साल आणि खालची साल यांचा रंग-पोत थोडा वेगळा असतो. आमच्या कलमांना पट्टी बरीच वर, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीला होती. रोपं उंच, टवटवीत, हौसेने घ्यावीत अशी. हेही उलटंच. जो पैसे घेऊन पुढच्या गावाला जाणार, त्याला उंची विकायची असते.

पावती मागितली तर लगेच मिळाली, छापील, शिक्क्यासकट. त्यावर ‘रोपे’ एवढंच लिहिलेलं आणि खाली एकूण रक्कम. जात नाही, कलम की बियाचं रोप ते नाही, परवाना क्रमांक नाही. मोबाईल नंबर मात्र होता आणि गंमत म्हणजे तो महिनाभर लागतही होता.

लावणीच्या दिवशी पहिला संशय आला तो मातीने. पिशवी फाडली तर वर दोन बोटं तांबडी माती आणि खाली काळी, चिकट, ढेकूळ झालेली. आमच्याकडे सगळी जांभ्याची तांबडी माती. इथल्या रोपवाटिकेत पिशवी भरतात ती तांबड्या मातीत शेणखत मिसळून. काळी माती घाटावरची. काडी रत्नागिरीची, पिशवी घाटावरची आणि वरचा थर दाखवायला कोकणातला! सासऱ्यांनी तिथेच कोयत्याच्या टोकाने पट्टी चिरली. आत हिरवी, सलग, गुळगुळीत साल. एका बाजूला ब्लेडने मारलेला तिरका ओरखडा होता, तोही भरत आलेला. गाठ नाही, रेघ नाही, काही नाही. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं, तेच. सरळ सरळ कोयीची रोपं. चांगल्या कलमाला पाचव्या वर्षापासून फळ घ्यायला लागतो. कोयीच्या झाडाला त्याहून कितीतरी उशीर लागतो, आणि शेवटी लागेल ते काय लागेल त्याचा भरवसा नाही.

फोन केला. “काका, चुकून दुसरा लॉट आला असेल, पुढच्या फेरीत बदलून देतो.” पुढची फेरी कधी झाली नाही आणि गणपतीच्या सुमाराला नंबर बंद झाला.

आंब्याचं तरी लवकर कळलं. जायफळाची गोष्ट खरी शिकण्यासारखी आहे.

जायफळात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फळ फक्त मादीला. नरही लागतो, पण दहा माद्यांना एक पुरतो. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि कोण काय आहे ते फुलावर आल्याशिवाय समजत नाही. फुलायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणून जाणकार माणूस मादी झाडाच्या काडीचं कलमच घेतो. दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जायफळाच्या जाती दिल्या आहेत. त्याही घ्यायच्या त्या कलमाच्याच.

आमच्या विक्रेत्याने जायफळाला पट्टी बांधायचेही कष्ट घेतले नाहीत. तो म्हणाला, “हे कलम नाही, निवडलेलं रोप आहे. गोल बी ती मादी, टोकदार बी तो नर. आम्ही गोल बियाच रुजवतो.” ही समजूत जुनी आहे, आमच्याकडेही म्हातारी माणसं असं म्हणताना ऐकलंय. बियाच्या आकारावरून किंवा पानाच्या रुंदीवरून जायफळाचा नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही. पण ऐकलेलीच गोष्ट कोणी ओळखपत्र लावून सांगितली की ती शास्त्र वाटते. भावही त्याने कलमाच्या जवळपास लावला होता.

आंब्याचं बिंग फुटल्यावर जायफळाचा संशय आलाच होता. पण रोप जोमात वाढतंय, नवीन पालवी काढतंय, ते उपटायचं कसं? आणि कशाच्या जोरावर? त्याने सांगितलेलं खोटं आहे हे दाखवायला त्या वेळी झाडाजवळ काही नव्हतं. शेणखत घातलं, उन्हाळ्यात शिंपणं केलं, माडाच्या झावळांची सावली धरली. सहाव्या वर्षी फुलं आली.

फूल अगदी लहान, फिकट पिवळं, घुंगरासारखं खाली लोंबणारं, आणि वास गोड. नराची फुलं झुपक्याने येतात, मादीची एकेकटी किंवा दोन-तीन. पण झुपक्यावर न जाता फूल उघडून बघायचं. नखाने उभं चिरलं की नराच्या फुलात मधोमध परागाचा एक दांडा असतो आणि बोटाला पिवळट पूड लागते. मादीच्या फुलात त्या जागी हिरवट, फुगीर बीजकोश, वर दोन छोट्या ओठांसारखा भाग. सासरे एकेका झाडाचं फूल तोडून माझ्या हातावर ठेवत होते आणि मी चिरत होते. निम्म्याहून जास्त नर निघाले.

आणि इथेच त्या धंद्याची खरी मेख आहे. त्याला मुद्दाम नर रोपं विकायची गरजच नव्हती. साधं बी रुजवून विकलं तरी निम्म्या माद्या आपोआप निघणार. ज्याने दोन रोपं घेतली आणि नशिबाने दोन्ही माद्या निघाल्या, तो गावभर सांगतो की माणूस चोख होता. आमच्या वरच्या आळीत असं एक घर आहेच. ते काका आजही त्याची बाजू घेऊन भांडतात! ज्यांचे नर निघाले ते म्हणतात, आपलंच नशीब. साक्षीदार त्याचेच तयार होतात, तेही फुकट.

रातांब्यालाही, म्हणजे कोकमाच्या झाडालाही, हीच गत. त्यातही नर-मादी वेगळी आणि बियाच्या रोपांत साधारण अर्धे नर. पण घराशेजारी रानात रातांबे असतात, म्हणून ते कोणी फारसं विकत घेत नव्हतं. आता आगळ-आमसुलांना भाव आल्यापासून टेंपोत रातांबाही दिसतो. ‘कोकण अमृता’ ही रातांब्याची जात घ्यायची असेल तर कलमच घ्या, आणि तेही उभ्या फांदीच्या काडीचं. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड वर न जाता आडवंच पसरत जातं. हे जायफळालाही लागू आहे.

‘दोन वर्षांत नारळ’ हा तर सरळच पोकळ दावा. आपला बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो, संकरित जाती चार-पाच वर्षांनी, बुटक्या जाती लवकरात लवकर तीन-चार वर्षांनी. केशरी बुटक्या जातीपासून केलेला संकर म्हणून विकत असतील तर रोपाच्या पानाचा देठ बघा. पिवळटकेशरी असेल तर संकर झालेलाच नाही, ते नुसतं बुटकं रोप आहे. झालेल्या संकराचा देठ तपकिरी-हिरवट दिसतो. आणि कुठल्याही जातीचं रोप असो, नऊ महिने ते वर्षाचं, बुंध्याशी जाड आणि पाच-सहा पानांचं हवं. भाजीच्या बियाण्यांची पाकिटं त्याच गाडीवर होती. त्यांच्यावर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, मुदत नाही. ती आम्ही घेतली नाहीत म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तक्रारीचं काय झालं ते सांगते. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. फळझाडांची रोपं-कलमं विकायला कृषी खात्याचा परवाना लागतो. आम्ही तालुका कृषी कार्यालयात गेलो तेव्हा त्यांनी विचारलं ते एवढंच: परवाना क्रमांक काय, पावतीवर जात लिहिलीय का, गाडीचा नंबर आहे का. तिन्हीला उत्तर नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे. तरी ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्याच्यावर तक्रार करणार कशी? झाडाच्या धंद्यात माल खोटा आहे हे कळेपर्यंत विकणारा, त्याचा नंबर आणि मुदत, तिन्ही गेलेले असतात. म्हणून जे बघायचं ते पैसे द्यायच्या आधी, त्याच दिवशी, दिसणाऱ्या खुणांवरून.

विद्यापीठाचं कलम हवं असेल तर दापोली, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, इथे आपण जायचं. हंगामाच्या आधी चौकशी करून नोंदणी करून ठेवलेली बरी, कारण मागणी भरपूर असते. परवानाधारक खासगी रोपवाटिकाही जिल्ह्यात खूप आहेत. तिथे मातृवृक्ष, म्हणजे काडी ज्याची घेतली ते झाड, दाखवा म्हटलं तर दाखवतात, आणि पावतीवर ‘हापूस, कोय कलम, इतके नग’ असं लिहून देतात.

आमच्या नर जायफळांतला एक परागासाठी ठेवला. बाकीच्यांची खोडं पावसाआधी छाटली आणि आलेल्या जोमदार फुटव्यांवर ओळखीच्या बागेतल्या मादी झाडाच्या उभ्या काड्या एका जाणत्या माळ्याकडून बांधून घेतल्या. काही जगल्या, काही वाळल्या. नर झाड तोडायची घाई करू नका, मूळ वाढलेलं असतं त्याचा उपयोग होतो. आंब्याच्या रोपांवरही तसंच कलम बांधून घेता आलं असतं, पण सासऱ्यांनी रागाने ती आधीच उपटून टाकली होती.

यंदा गाडी दारात आली तर पट्टी सोडायला सांगा. सोडत नसेल तर घेऊ नका. सोडली आणि जोड दिसला, तरी पावतीवर जात, कलमाचा प्रकार आणि परवाना क्रमांक लिहून घ्या, गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि तुमच्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांचा (पूर्वीचे कृषी सहायक) नंबर फोनमध्ये असू द्या. गाडी वाडीत असतानाच त्यांना फोन लावला तर त्याचा उपयोग आहे.