डीएनएस कुठे बदलायचा, राउटरवर की लॅपटॉपवर?

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. ऐरोलीत आमच्या सोसायटीत नेट चालू आहे पण साइट उघडत नाही ही तक्रार सारखी येते, तर आधी लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ८.८.८.८ (गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता) मारून बघा, रिप्लाय येतोय पण नावाने काहीच उघडत नाही म्हणजे लाइन ठीक आहे, घोळ डीएनएसचा आहे.

राउटरवर बदललं की डीएचसीपीमधून (राउटर जोडलेल्या उपकरणांना नेटची सेटिंग आपोआप देतो ती सोय) टीव्ही, मोबाइल सगळ्यांना नवीन डीएनएस मिळतो, आईबाबांच्या फोनला हात लावावा लागत नाही. फक्त राउटरचं वायफाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुनंच चिकटून राहतं. काही ठिकाणी नेटवाला राउटरचा पासवर्डच देत नाही, मग अडलं.

लॅपटॉपवर अ‍ॅडॅप्टर सेटिंगमध्ये १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा डीएनएस) टाकणं दोन मिनिटांचं काम, तपासायला बेस्ट. पण तोच लॅपटॉप महापेच्या ऑफिसात नेला की आतला सर्व्हर नावाने सापडतच नाही कारण ऑफिसची आतली नावं बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसतात, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

म्हणून घरी कायमचं करायचं तर राउटरवरच करा, लॅपटॉपवर फक्त तपासण्यापुरतं, आणि झालं की परत ऑटोमॅटिकवर टाकून कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस (साठवलेली जुनी डीएनएस उत्तरं पुसणारी विंडोजची कमांड) मारायला विसरू नका.